कोण, कुठून, कधीपासून

४ मार्च, मंगळवार

सूनबाईने फोनवरचं ते ‘लास्ट सीन’ बंद केलं! आजच. सकाळपर्यंत होतं. ज्याला काही लपवायचं नसतं तो भरदिवसा पडदे ओढत नाही.

दुपारी तिचा फोन. ‘आई, आज मला उशीर होईल. ठकूला शाळेतून तुम्ही आणाल का?’ आणलं. नात आहे, आणणारच. पण मागच्या मंगळवारीही उशीर, मागच्या गुरुवारीही उशीर. बाकीचे दिवस वेळेवर. हिच्या ऑफिसातले पूल काय मंगळवार-गुरुवारीच कोसळायला येतात?

यांना बोलून दाखवलं. शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाले, ‘अगं, बरेच लोक बंद करतात ते. मी पण केलंय.’ तुम्हाला बघतंय कोण!

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पण सूनबाई एक गोष्ट विसरली. फोन गप्प करता येतो, मशीन नाही.

५ मार्च, बुधवार

मशीन म्हणजे मी नोकरी केली त्या संस्थेचा जुना मोठा कॉम्प्युटर. पूल आणि धरणांची गणितं त्याच्यावर होतात. उमेदीची सगळी वर्षं मी त्याची राखण केली. नवी मशीनं आली, पण जुनी गणितं नव्यावर चढवायची छाती अजून कुणाला झालेली नाही. म्हणून ते आहे, आणि त्याच्यावर माझं फिंगर आहे.

फिंगर! नाव ऐकून मीही पहिल्या दिवशी हसले होते. काम साधं. एखाद्या माणसाचं नाव टाकायचं, मशीन उत्तर देतं— तो आत आहे की नाही, कुठल्या लाईनवरून आलाय, शेवटची कळ कधी दाबली, टपाल कधी वाचलं. सगळ्यात खाली त्या माणसाने स्वतः लिहून ठेवलेल्या ओळी. त्याला प्लॅन म्हणतात. ‘चहाला गेलो.’ ‘सोमवारपर्यंत रजा.’ एकाने कायमचं लिहून ठेवलं होतं, ‘साहेब विचारत असतील तर आत्ताच उठलो.’ आमच्या काळी कुणाला भेटायला जिने चढायच्या आधी फिंगर करायचे. देशोदेशी होतं हे.

मग चोरांची भीती आली. घरात कोण आहे, कोण नाही, हे दारावर कशाला लिहायचं, म्हणून सगळीकडे बंद झालं. आणि पुढे तीच कल्पना फोनमध्ये घालून जगाला विकली! लास्ट सीन, हिरवा ठिपका, निळ्या खुणा— सगळी फिंगरची नातवंडं. आजीचं नाव एकालाही ठाऊक नाही.

संस्थेत ते अजून चालू आहे ते माझ्या हट्टामुळे. निवृत्त झाले तरी माझं खातं आहे, सल्लागार म्हणून, घरच्या लाईनवरून. पट्टशिष्येची कृपा. ती आता माझ्या खुर्चीत बसते. कोरी पाटी होती आली तेव्हा, सगळं मी शिकवलं. लग्न नाही केलं, कामालाच वाहून घेतलं. सूनबाईला मी कितीदा म्हटलंय, जरा तिच्याकडे बघून शिक.

सूनबाई पुलांच्या विभागात. आमचे चिरंजीवही संस्थेतच, पण धरणाच्या कामावर, लांब डोंगरात. महिन्यातून एकदा घरी. तो तिकडे राबतोय, म्हणून इकडे लक्ष ठेवणं माझं कर्तव्य आहे.

६ मार्च, गुरुवार

केलं फिंगर. सूनबाईचं नाव टाकलं.

आत आहे. पुलांच्या विभागातली लाईन. शेवटची कळ— जेवणाच्या सुट्टीनंतर एकही नाही! संध्याकाळ होत आली तरी नाही. आणि मला फोनवर काय? ‘कामाचा नुसता डोंगर पडलाय, आई.’

मनात पाल चुकचुकली.

नव्या पोरांना मीच शिकवायचे— कळ दाबली नाही म्हणजे माणूस जागेवर नाही असं नव्हे. वाचत असेल, कुणाशी बोलत असेल, डोळे मिटून बसला असेल. बरोबरच शिकवायचे. पण ते परक्यांसाठी. घरच्या माणसाबद्दल आतून कळतं.

७ मार्च, शुक्रवार

पट्टशिष्येला फोन केला. आढेवेढे घेत घेत बोलली. ‘मॅडम, मी बोलायला नको. पण तुम्ही विचारलंत म्हणून. मंगळवार-गुरुवार जेवणानंतर ती जागेवर दिसत नाही. पर्स घेऊन जाते.’

‘एकटी?’

‘ते मला कसं माहीत असणार, मॅडम?’ आणि फोन ठेवला. त्या फोन ठेवण्यात जे कळायचं ते कळलं.

कशी जड मनाने बोलत होती. गुणाची पोर.

९ मार्च, रविवार

चिरंजीवांचा फोन. दर रविवारी येतो. धरणावरची लाईन महिनाभर बंद पडलीय म्हणे. मशीनवर येताच येत नाही, सगळं कागदावर चाललंय. ‘जेवतोस ना वेळेवर?’ ‘हो गं आई.’ आवाज मात्र चांगला खणखणीत वाटला. डोंगरातली हवा.

सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘सूनबाई तुला काही बोलली का?’

‘नाही. का? तुला काही बोलली?’ इतक्या चटकन! बिचारा. आईच्या आवाजावरून ओळखतो.

११ मार्च, मंगळवार

आज मी जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. सूनबाईच्या मागे गेले.

संस्थेसमोरच्या बसथांब्यावर बसले. डोक्यावर यांची टोपी. जेवणाच्या सुट्टीनंतर बाई बाहेर पडल्या, पर्स काखेत. बस नाही, रिक्षा नाही, सरळ चालत. मी मागून. गुडघे बोलायला लागले. दोन गल्ल्या सोडून एक तीन मजली इमारत आहे, खाली चष्म्याचं दुकान. ती जिना चढून वर गेली. मी दुकानात शिरले, आता उभं तरी कुठे राहणार? दुकानदाराने फ्रेमा मांडल्या. एक घालते, समोरच्या इमारतीच्या काचांमध्ये या इमारतीचं प्रतिबिंब बघते. दुसरी घालते, पुन्हा तेच. तो म्हणतो, ‘बाई, आरशात बघा ना, बाहेर काय बघताय?’

दुसऱ्या मजल्याची खिडकी दिसत होती. एक उंच माणूस, पांढरा शर्ट. त्याने तिला पाणी दिलं. खुर्ची पुढे ओढली. आणि सूनबाई रडत होती. ओढणीने डोळे पुसत होती.

परक्या माणसापुढे रडते! घरात माणसं आहेत ना तिची?

एक फ्रेम पसंत करावीच लागली. तपकिरी. मला मुळीच शोभत नाही.

१२ मार्च, बुधवार

यांना सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, ‘बाई रडतेय म्हटल्यावर तुला पहिला प्रश्न काय पडला? कोणासमोर? मला पडला असता, कशामुळे?’

म्हटलं, तुम्ही तिचीच बाजू घेणार.

‘मी कोणाचीच घेत नाही. तू मात्र घेतेस. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कारटं.’

दिवसभर बोलले नाही त्यांच्याशी. त्यांच्या लक्षातही आलं नाही, हे जास्त लागलं.

१३ मार्च, गुरुवार

चष्मा आणायला गेले. घडी घालता घालता दुकानदाराला विचारलं, वरती कोण असतं हो?

‘दुसऱ्या मजल्यावर ना? वकीलसाहेब. नवरा-बायकोची प्रकरणं घेतात. चांगला माणूस आहे, पाठवा कोणी असेल तर.’

घरी कशी आले मला माहीत नाही.

म्हणजे तसलं काही नाही. त्याहून वाईट आहे. ही माझ्या मुलाला सोडायला निघालीय! तो तिकडे ऊनवारा खातोय आणि ही इकडे त्याच्या पाठीमागे कागद तयार करतेय. आणि ठकू? पहिलीतली पोर आईकडेच जाणार. सकाळी माझ्याकडून वेणी घालून घेते. एका वेणीत तीनदा मागे वळून विचारते, ‘आजी, झालं?’ ती गेली तर या घरात आम्ही दोन म्हातारे आणि एक शब्दकोडं.

नाही. हे मी होऊ देणार नाही. मला कळलंच पाहिजे ही काय करतेय, कधी करतेय.

१४ मार्च, शुक्रवार

संकटं एकटी येत नाहीत. संस्थेतून कळलं, या महिन्याच्या एकतीस तारखेला फिंगर बंद!

तडक गेले. नवा सुरक्षा अधिकारी आलाय. मी त्याचं नाव ठेवलं कुलूप. सभ्य आहे, पण कुलूप ते कुलूप. ‘मॅडम, कोण आत आहे, कोण नाही, कुठून आलंय, हे कोणालाही कशाला कळायला हवं? जगात कोणी ठेवलेलं नाही आता. हे खाजगी आहे.’

म्हटलं, आमच्या काळी खाजगी नव्हतं, आणि आम्ही जास्त सुखी होतो. हसला. मी मनात म्हटलं, हस बाबा.

वाटलं पट्टशिष्या माझ्या बाजूने बोलेल. तर तीच! ‘मॅडम, जाऊ द्या ना. मी तर म्हणते एकतीस कशाला, आजच बंद करून टाकू.’

मला धक्काच बसला. हिला मी पहिल्यांदा फिंगर दाखवलं होतं तेव्हा टाळ्या पिटल्या होत्या पोरीने. आणि आता इतकी घाई? माझ्याकडे बघतही नव्हती. खुर्ची मिळाली की माणसं बदलतात, हेच खरं. शेवटी कुलूपच माझ्या मदतीला आलं. आदेशात एकतीस तारीख आहे, तीस तारखेलासुद्धा करणार नाही म्हणाला. देव त्याचं भलं करो.

१६ मार्च, रविवार

चिरंजीवांना सगळं सांगितलं. वकील, रडणं, मंगळवार-गुरुवार.

तिकडून दार लावल्याचा आवाज आला. मग, ‘तिने वकिलाला काय सांगितलंय?’

मला वाटलं होतं विचारेल, ‘का?’ कुठल्याही नवऱ्याने आधी तेच विचारलं असतं. पण धक्का बसला की माणूस काहीही बोलतो.

मग म्हणाला, ‘आई, तू यात पडू नकोस. आणि ते फिंगर बंद होतंय ना? होऊ दे. नसते उद्योग आहेत ते.’

फोन ठेवल्यावर विचार आला. डोंगरात लाईन बंद. मग फिंगर बंद होतंय हे याला कुणी सांगितलं? सूनबाईने? ती तर म्हणते आमचं बोलणंच होत नाही. संस्थेचं परिपत्रक गेलं असेल. कागदावर.

कागदावरच गेलं असेल.

१८ मार्च, मंगळवार

माझी शोभा झाली! हात दाखवून अवलक्षण!

दुपारी नेहमीसारखं सूनबाईचं नाव टाकलं. तिचा प्लॅन कायम कोरा असतो. आज खाली दोन ओळी होत्या.

‘रोज विचारता. मी बरी आहे. तुम्ही जेवलात का?’

पुन्हा वाचलं. आणि मग आठवलं. नियम माझाच! पूर्वी एक खोडकर पोरगा दिवसभर मुलींचीच नावं टाकत बसायचा. त्याच्यासाठी मी सोय केली होती. आपल्याबद्दल कोणी कोणी विचारलं ते ज्याचं त्याला मशीन सांगेल. दुसऱ्याकडे बघायचं तर तोंड दाखवून बघा, असं मोठ्या तोऱ्यात सभेत म्हटलं होतं मी. कुणाला आठवत असेल असं वाटलं नव्हतं. मलाच आठवत नव्हतं! आणि सूनबाईला मीच कधीतरी कौतुकाने सांगितलं असणार.

संध्याकाळी तिने जेवायला वाढलं. नेहमीसारखंच. ‘आई, अजून घ्या ना.’ मला मान वर करवेना.

१९ मार्च, बुधवार

मशीन उघडलं नाही.

२० मार्च, गुरुवार

आजही उघडणार नव्हते. उघडलं.

प्लॅन बदललाय. जसाच्या तसा लिहून ठेवते.

‘मला विचारून तुम्हाला काही कळणार नाही. आपल्याच घरातलं दुसरं एक नाव आहे. ते एकदा विचारून बघा. मी तोंडाने सांगितलं असतं तर तुमचा विश्वास बसला नसता. मशीनवर बसेल.’

२१ मार्च, शुक्रवार

उलट्या बोंबा! आपल्या घरातलं दुसरं नाव. आमच्या घरातली तीन नावं आहेत त्या मशीनवर. माझं, तिचं आणि चिरंजीवाचं. म्हणजे मी माझ्या मुलाला विचारू? ज्याची लाईन महिनाभर बंद आहे त्याला? ही वकिलाकडे जाणार आणि वर बोट माझ्या मुलाकडे दाखवणार. अशी माणसं मी पुष्कळ बघितलीत.

आणि विचारायचं कशाला? तो नऊ महिने माझ्या पोटात होता, तेव्हाही मला त्याची सगळी खबर होती.

यांच्यासमोर हे सगळं बडबडले. यांनी पेन खाली ठेवलं. शब्दकोडं अर्धं असताना पेन खाली ठेवलेलं मी कधी बघितलं नाही. म्हणाले, ‘मग विचार ना. लाईन बंद असेल तर मशीन बंद म्हणेल. घाबरतेस कशाला?’

घाबरत नाही. मी त्याचा अपमान करणार नाही, एवढंच.

२३ मार्च, रविवार

आज त्याचा फोन आला नाही.

ठकू म्हणाली, ‘बाबा विसरला.’ सूनबाईने तिला जवळ घेतलं आणि खिडकी लावायला म्हणून आत गेली. खिडकी लावलेलीच होती.

ती किती वाळलीय. हे मी आज बघितलं. इतके दिवस मी फक्त तिच्या वेळा बघत होते.

२४ मार्च, सोमवार

नाव अर्धं टाकलं. पुसलं.

२५ मार्च, मंगळवार

विचारलं. ठकू शाळेत, हे झोपलेले.

तो आत आहे. लाईन डोंगरातली नाही. इथली आहे, याच शहरातली, एका घरातली. आपल्या माणसाच्या घरी संस्था लाईन देते तेव्हा तिला त्या माणसाचं नाव लावते. नाव पट्टशिष्येचं आहे. टपाल आज सकाळीच वाचलंय, आणि म्हणे महिनाभर लाईन बंद! मग तिचं नाव टाकलं. तीही घरीच, त्याच लाईनवर. दोघांचीही शेवटची कळ एकाच वेळची आहे, जेवणानंतरची. तेव्हापासून कुणीच हात लावलेला नाही.

कळ दाबली नाही म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, हे मी स्वतःला किती वेळ सांगत बसले. त्याला माहीत होतं, आई सगळ्या जगाला विचारील, मला नाही. म्हणून नाव लपवायचीसुद्धा तसदी घेतली नाही त्याने. आणि मी! तिच्याच तोंडून सूनबाईच्या चहाड्या ऐकत होते. मला माझीच किळस आली.

सूनबाईला फोन केला. म्हटलं, विचारलं मी. गुरुवारी वकिलाकडे जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर येते, जे बघितलं ते त्यांना सांगते. ती अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘आई, मग ठकूला शाळेतून कोण आणेल?’

म्हटलं, हे आणतील.